दूध वरून की आतून?

प्रश्न : काकू, मी कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी दूध, दही, तूप, पनीर, मध सगळं सोडलं. घरी काही अडत नाही, पंचाईत होते ती बाहेर जेवायला गेल्यावर. वेटरला ‘व्हीगन’ (प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणारी) म्हटलं की तो ‘म्हणजे जैन ना?’ असं विचारतो आणि कांदा-लसूण काढलेलं पनीर आणून ठेवतो. ऑफिसच्या पार्टीत काकडी-टोमॅटो खाऊन घरी येते. मैत्रीण म्हणते, ‘दुधाची अ‍ॅलर्जी आहे म्हणून ठोकून दे, लगेच ऐकतात.’ सांगू का तसं? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : ज्या गावात लोक रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात, तिथं तू दूध सोडलंस. धाडसाची आहेस! मी काही सोडलेलं नाही, सोडणारही नाही. सकाळचा चहा मला दुधाचाच लागतो. पण खानावळ चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं दूध-तूप ताटात कुठून शिरतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

ते दोन वाटांनी येतं. एक वरून : भाकरीवर लोणी, भातावर तूप, मिसळीवर दही. हे ‘नको’ म्हटलं की मिटलं. दुसरं आतून : वाटणात, पिठात, ग्रेव्हीत मुरलेलं. ते काढता येत नाही, वेटर कितीही ‘हो मॅडम’ म्हणाला तरी. तेव्हा हॉटेल निवडताना आधी एवढंच बघ, की तिथल्या स्वयंपाकात दूध वरून येतं की आतून.

ऑफिसची पार्टी बहुतेक ‘फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये असते आणि तिथं सगळा मामला आतूनचा. सकाळीच ग्रेव्ही करून ठेवलेल्या असतात. पांढऱ्या ग्रेव्हीत काजू आणि मगज (कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया), वर खवा नाहीतर क्रीम. मखनीत टोमॅटो, काजू आणि लोणी. तिसरी लाल किंवा तपकिरी, कांदा-टोमॅटोची, तेलावर परतलेली. तुझी ती तिसरी. व्हेज कोल्हापुरी साधारण तिच्यातूनच निघते. (ह्या नावाची भाजी कोल्हापुरात कुणाच्या घरी शिजत नाही, हा भाग वेगळा.) पण आचाऱ्याचा हात शेवटी सवयीनं बटरकडे जातो आणि भाजी बाहेर पाठवताना वर क्रीमची रेघ ओढली जाते. ऑर्डर देतानाच ‘तेलात करा, बटर-क्रीम नको’ हे लिहून घ्यायला लाव. दाल तडक्याची फोडणी तेलाची माग. जिऱ्याचा भात बऱ्याचदा तुपात किंवा बटरमध्ये परततात, त्यापेक्षा साधा भात बरा. बिर्याणीत दही असतं आणि नानच्या पिठात दही नाहीतर दूध, म्हणून दोन्ही बाद. तंदुरी रोटी बिनबटरची घे, पण पीठ कशात मळलंय ते एकदा विचार.

आता आपलं जेवण बघ. भाकरी पाण्यात थापलेली. पिठलं, भरलं वांगं, अख्खा मसूर, मटकीची उसळ, खर्डा : दाटपणा शेंगदाण्याच्या कुटाचा, सुक्या खोबऱ्याचा आणि तिळाचा. ह्यात दुधाचं काम काय? ढाब्यावर अख्ख्या मसुरावर बटर सोडायची टूम निघालीय, तेवढं आधी अडव. पार्टीची जागा ठरवताना गप्प बसू नकोस. झुणका-भाकरीचं एखादं ठिकाण सुचव, बाकीचेही खूश होतील. मिसळीच्या कटात दूध नसतं, शंका असते ती ब्रेडची. स्लाइस ब्रेडमध्ये दूध पावडर असू शकते. पाकिटबंद पदार्थात दूध असेल तर तसं छापणं बंधनकारक आहे, तेव्हा पाकीट दाखवायला सांग. मिसळवाले दाखवतात, त्यात त्यांना अपमान वाटत नाही.

मटणाच्या हॉटेलात मित्रमंडळींनी ओढत नेलंच तर पांढऱ्या रश्श्याला फसू नकोस. तो पांढरा होतो नारळाच्या दुधानं, तिळानं, खसखशीनं, हे खरं. पण बुडाशी मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी असतं. सोलकढी कोकम आणि नारळाच्या दुधाचीच असेल तर खुशाल पी. काही जण त्यात ताक ढकलतात, म्हणून आधी विचार.

उडपी हॉटेल तुला सगळ्यात सोपं. इडली, मेदूवडा, सांबार, तेलावरचा साधा डोसा. चटणीत दही आहे का आणि रवा डोशाच्या पिठात ताक आहे का, एवढं विचारलं की झालं. उप्पीट बऱ्याचदा तुपातलं असतं. गोडाचं मात्र तुझं जमणं कठीण. उसाचा रस पी आणि कोरा चहा माग.

‘व्हीगन’ हा शब्द वेटरपुढं वापरूच नकोस. असं सांग : ‘दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, क्रीम, खवा यातलं काही नको. कांदा-लसूण चालतं.’ शेवटचं वाक्य विसरू नकोस, जैनचा घोळ तिथंच संपतो. जमलं तर आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला हॉटेलात फोन कर. त्या वेळी आचारी निवांत असतो, नीट सांगतो. रविवारी रात्री नऊला कुणी सांगणार नाही, मीही सांगितलं नसतं.

अ‍ॅलर्जीचं मात्र खोटं बोलू नकोस. खरी अ‍ॅलर्जी म्हटली की आत तवा बदलावा लागतो, उलथनं बदलावं लागतं, तेल वेगळं घ्यावं लागतं. एवढी धावपळ करायला लावून तू बाहेर शेजारणीच्या पनीरच्या चमच्यानं भात वाढून घेताना दिसलीस, तर पुढच्या खऱ्या पेशंटचं म्हणणं कोण मनावर घेईल? आणि नको असलेलं नको म्हणायला आजार कशाला लागतो? उपवास आहे म्हटल्यावर कुणी सर्टिफिकेट मागतं का? पनीर भाजलेल्या तव्यावरचा डोसा तुला चालतो की नाही, हे तू आधी स्वतःशी ठरव. ते हॉटेलवाला ठरवू शकत नाही.

प्रश्न : सांगलीत माझं छोटं हॉटेल आहे. हल्ली पोरं व्हीगन मागतात. मेनूकार्डावर तो हिरवा ‘व्ही’ छापला तर चालेल का? (एक हॉटेलचालक)

उत्तर : दादा, पान असलेला तो हिरवा ‘व्ही’ पाकिटांवरचा आहे. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे) 2022 चे वेगळे नियम आहेत, ते पाळल्याशिवाय तो छापायचा नाही. साध्या हिरव्या ठिपक्यावरही जाऊ नका, त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात. भरलं वांगं, पिठलं, उसळ यांच्यापुढं कंसात ‘तेलात, दूध-तूप नाही’ असं मराठीत छापा. मात्र छापायच्या आधी आचाऱ्याला समोर बसवून एकेक पदार्थ विचारा, फोडणीसकट. आणि तेलाचा डबा तुपाच्या डब्यापासून लांब ठेवा. गर्दीच्या वेळी पोरं जो चमचा हाताला लागेल तो बुडवतात.