अकरा वर्षांची मुलगी निवासी शाळेत वर्षभर राहील का?

तुम्ही लिहिलंय की भाचीची पाचवी झाली, बहीण आणि दाजी दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिला सहावीला कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात, म्हणजे मुलींच्या सरकारी निवासी शाळेत, घालायचं तुमच्या मनात आहे, पण घरचे म्हणतात, एवढीशी पोर वर्षभर कशी राहील? मी राहिले आहे. २००९ च्या जूनमध्ये मराठवाड्यातल्या अशाच एका शाळेत सहावीला गेले. माझे आईवडीलही कोयत्यावर जायचे. त्यामुळे उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

भाची राहील. तुमच्या घरात सगळ्यांना जूनची काळजी लागली आहे, पण खरी काळजी दिवाळीची करा.

जूनमध्ये सगळ्याच रडतात. पहिले आठ-दहा दिवस दिवे मालवले की एखादीचा हुंदका यायचा आणि मग अख्खी खोली मुसमुसायची. नंतर कधी थांबलं ते मलाही आठवत नाही. सकाळी पाचला घंटा, हौदावर बादलीचा नंबर, प्रार्थना, नाश्ता, शाळा, संध्याकाळी खो-खो, सातला जेवण, मग साडेनऊपर्यंत अभ्यास. माझ्यासाठी यात नवल एकच होतं. जेवण रोज त्याच वेळेला मिळायचं आणि ते मी केलेलं नसायचं. कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, असताना आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, पहाटे तीन-चारला उसाच्या फडात जायचे आणि भाकरी मी थापायची. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्षं दिवाळी ते पाडवा माझी शाळा बुडाली होती. पाचवीतही तेच. सहावीत बसले तेव्हा मला भागाकार येत नव्हता आणि विचारायची लाज वाटायची. आमच्या वॉर्डन मॅडमच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं नाही. संध्याकाळी धान्याच्या कोठीत मदतीला बोलवायला लागल्या. आम्ही पन्नास मुली होतो. दर मुलीला शंभर ग्रॅम तांदूळ, तर मावशीला किती काढून द्यायचा? पाच किलो. पोत्यात चाळीस किलो उरलाय, किती दिवस पुरेल? वजनकाट्यावर तांदूळ ओतता ओतता मी भागाकार शिकले. पोत्यावर खडूनं हिशोब मांडायचे आणि उत्तर चुकलं की दुसऱ्या दिवशी काट्यावर कळायचं. आज मी नर्स आहे, औषधाचा डोस काढताना अजूनही ती कोठी डोळ्यांपुढे येते.

रविवार केसांचा. जेवणघराच्या पायऱ्यांवर आम्ही एकीमागे एक बसायचो, प्रत्येकीच्या हातात पुढचीचे केस. सगळ्यात वरच्या पायरीवर आठवीतल्या ताया, खाली आम्ही सहावीच्या. खोबरेल, मग बारीक दातांची फणी, मग दोन वेण्या आणि लाल रिबन. उवा सगळ्यांनाच व्हायच्या, त्यामुळे कुणी कुणाला चिडवत नसे. शाळेत मुलींना काय मिळतं असं कुणी विचारलं की लोक गणवेश, पुस्तकं, जेवण मोजतात. मला त्या पायऱ्या आठवतात. तोवर माझी वेणी घालायला कुणाला वेळच नसायचा, म्हणून आई दरवर्षी तोडीला निघताना माझे केस कापून टाकायची.

एक गोष्ट बहिणीला आत्ताच सांगा. भाचीला पाळीबद्दल आधी समजावून पाठवा. माझी तिथंच सुरू झाली, सप्टेंबरमध्ये, आणि मला वाटलं काहीतरी आजार झाला. स्वयंपाकाच्या मावशींनी जवळ घेतलं म्हणून निभावलं. पेटीत दोन जास्तीच्या चड्ड्या आणि पॅडचा एक पुडा ठेवा.

आता दिवाळीचं. सहामाही परीक्षा झाली, सुट्टी लागली, मी घरी गेले. दादांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली होती. घरात हिशोब चालला होता, आणि तो मला पूर्ण कळत होता. मी बरोबर गेले तर दोन वर्षांचा भाऊ कोपीवर माझ्याजवळ राहणार आणि आईचा कोयता दिवसभर चालणार. मी नसले तर पोर फडाच्या बांधावर झोळीत, आई अर्धं लक्ष तिकडे ठेवून मोळ्या बांधणार. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. दादा वाईट नव्हते. त्यांना मला शिकवायचंही होतं. पण उचल फिटायची होती आणि गाडी रविवारी रात्री निघणार होती. शाळा सोमवारी उघडत होती.

शनिवारपर्यंत कुणी काही बोललं नाही. आईनं माझा फ्रॉक गाठोड्यात घातला तेव्हा मला कळलं. मी रडलेही नाही, कारण दरवर्षी असंच व्हायचं. आजी चुलीपाशी बसली होती. तिचे गुडघे दुखायचे, तिला उठता-बसता त्रास व्हायचा. ती म्हणाली, "नातू माझ्याजवळ राहू द्या. मी रांगत रांगत सांभाळीन." दादा म्हणाले, "तुला नाही झेपायचं." ती म्हणाली, "न झेपलं तर शेजारणीला हाक मारीन. पोरीची पेटी तिथं आहे." बस, एवढंच. सोमवारी आजीच मला एसटीनं सोडायला आली. भाऊ तिच्या कडेवर आणि फडक्यात भाकरी नि शेंगदाण्याची चटणी.

त्या सोमवारी पन्नासपैकी सात पलंग रिकामे राहिले. माझ्या शेजारचीही आली नाही. तिची पत्र्याची पेटी पलंगाखाली तशीच होती, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून ती गळ्यात घालायची, ती किल्ली तिच्याबरोबर गेली. वॉर्डन मॅडम दोनदा तिच्या गावी जाऊन आल्या, घराला कुलूप होतं. जानेवारीत तिचा मामा पेटी न्यायला आला. दोन वर्षांनी कळलं की तिचं लग्न झालं. तेव्हा ती आठवीच्या वयाची होती. हुशार होती, पाढे माझ्यापेक्षा पक्के होते. तिच्या घरात त्या शनिवारी बोलणारं कुणी नव्हतं, फरक एवढाच.

या शाळा अशाच मुलींसाठी काढल्या आहेत. केंद्र सरकारनं २००४ मध्ये योजना सुरू केली तेव्हा असे तालुके निवडले, जिथं ग्रामीण बायकांची साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा, म्हणजे २००१ च्या जनगणनेतल्या ४६.१३ टक्क्यांपेक्षा, कमी होती. माझी आई अंगठा लावणारी. ७५ टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक घरांतल्या मुलींना, उरलेल्या २५ टक्के दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलींना. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश यांचा खर्च नाही. आमच्या वेळी सहावी ते आठवीच होती. २०१८ ला समग्र शिक्षा ही केंद्राची योजना आल्यावर बारावीपर्यंत वाढवायची सोय झाली, पण ती सगळीकडे नाही. तुमच्या तालुक्यात कितवीपर्यंत आहे ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. नाहीतर आठवीनंतर पुन्हा हाच प्रश्न उभा राहील.

जागा मिळाली नाही तरी भाचीला कोपीवर जाऊ देऊ नका. गावात हंगामी वसतिगृह चालू होतं का ते मुख्याध्यापकांना विचारा, ते तोडीच्या सहा महिन्यांपुरतं असतं. शिवाय २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर केली. ४१ तालुक्यांत ८२, मुलांसाठी वेगळी आणि मुलींसाठी वेगळी. तुमचा तालुका त्यात आहे का ते समाजकल्याण कार्यालयात कळेल.

दाखल करण्याआधी स्वतः जाऊन बघा, आणि दुपारी नको, संध्याकाळी जा. न्हाणीघराच्या दारांना आतून कड्या आहेत का, रात्री बाईमाणूस मुक्कामाला असतं का, रात्री संडासाकडे जाताना दिवा आहे का, आणि घरच्यांना फोन कोणत्या वारी लावू देतात. आमच्याकडे रविवारी वॉर्डन मॅडमच्या मोबाइलवरून फोन लागायचा. दादा फडातून बोलायचे, मागून कोयत्यांचा आवाज यायचा. दोन मिनिटांत ते एकच विचारायचे, "जेवलीस का?" मी हो म्हणायचे आणि ते खरं असायचं.

पाडवा झाल्यावर गाडी परत आली तेव्हा आई गाठोडं न सोडताच थेट शाळेत आली. तिनं आधी माझ्या वेण्या हातात धरून बघितल्या, केवढ्या वाढल्यात त्या. मग पायरीवर बसवलं, दोन्ही सोडल्या आणि पुन्हा घातल्या.

मामा म्हणून तुमच्या हातात एक गोष्ट आहे. भाऊबीजेला बहिणीची भेट होईलच, तिकडे किंवा तुमच्याकडे. धाकटं लेकरू असेल तर सहा महिने ते कुणाकडे राहील हे त्या दिवशी दाजींशी बोलून पक्कं करा, गाडी निघायच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका. आणि भाचीला त्याच दिवशी आपल्याकडे ठेवून घ्या. शाळा उघडेल त्या सकाळच्या एसटीनं तुम्हीच तिला सोडून या.