महारेराची परीक्षा आणि डोकं गरगरवणारी दोन प्रकरणं

वाकडहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 41, बी.कॉम. गेली काही वर्षं त्या आसपासच्या सोसायट्यांमधले फ्लॅट भाड्याने लावून देतात. आता एका बिल्डरच्या साइटवर विक्रीचं काम मिळतंय, पण 'आधी महारेराचं सर्टिफिकेट आणा' असं सांगण्यात आलंय. (रेरा म्हणजे घरखरेदी-विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा, महारेरा म्हणजे तो राबवणारं महाराष्ट्राचं प्राधिकरण.) 20 तासांचं ट्रेनिंग झालं, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्या लिहितात, "रेराची कलमं कशीबशी लक्षात राहतात. पण सोसायटी-अपार्टमेंट आणि लीज-लायसन्स ही दोन प्रकरणं उघडली की डोकं गरगरतं. या वयात पाठांतर होत नाही. नाद सोडू का?"

ताई, नाद अजिबात सोडू नका. परीक्षेत पर्यायांमधून उत्तर निवडायचं असतं, ती मराठीतूनही देता येते आणि पास व्हायला 40 टक्के पुरतात. महारेराने 2023 मध्ये हे सर्टिफिकेट सक्तीचं केलं, तेव्हा धंद्यात केस पिकलेल्या मंडळींनाही बाकावर बसावं लागलं. त्यात 41 म्हणजे काहीच नाही.

राहिला प्रश्न पाठांतराचा. क्लासच्या नोट्स चार दिवस मिटून ठेवा आणि दोन कागद मागून आणा: सोसायटीत राहणाऱ्या कुणाचं शेअर सर्टिफिकेट, आणि अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या कुणाचं डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा दस्त. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली येते. कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून मालकीचं हस्तांतरण, झालं की जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर असते, तुम्ही तिचे सभासद. अपार्टमेंट येतं 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, त्याला किमान पाच सदनिका लागतात. तिथे फ्लॅट तुमच्या स्वतःच्या मालकीचा, आणि जमीन, जिना, लिफ्ट यांत तुमचा अविभक्त हिस्सा. तो किती टक्के, हे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणणाऱ्या घोषणापत्रात, लिहिलेलं असतं. त्या टक्क्यांवर बोट ठेवा, कारण प्रश्न तिथूनच फुटतात. अपार्टमेंटमध्ये सामायिक खर्च त्या टक्क्याने वाटला जातो, म्हणून थ्री बीएचकेवाला वन बीएचकेवाल्यापेक्षा जास्त भरतो. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी जो बिनभोगवटा आकार लावते, तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांवर नेता येत नाही. हे तुमच्या घरमालकांच्या रोजच्या भांडणातलंच आहे, फक्त परीक्षेत ते सभ्य भाषेत विचारतात.

एक सावधगिरी. गेटवरच्या पाटीवर जाऊ नका. 'अमुक अपार्टमेंट्स' अशी झोकदार पाटी असलेल्या कितीतरी इमारती कागदावर सोसायट्या असतात. गिऱ्हाईक विचारेल तेव्हाही उत्तर कागद बघूनच द्यायचं.

दुसरं प्रकरण तर तुमच्या घरचंच. लीजमध्ये जागेत हक्क निर्माण होतो. ती व्याख्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम 105. लायसन्स म्हणजे फक्त वापरायची परवानगी, जागेत हक्क शून्य. ते 1882 च्याच ईझमेंट कायद्यात, कलम 52. आपल्याकडचे घरमालक लिव्ह अँड लायसन्सला चिकटून असतात ते यामुळेच. मुदत संपल्यावर माणूस हलला नाही, तर 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

'करार 11 महिन्यांचा केला की रजिस्टर करायला नको' हे तुम्ही शंभरदा ऐकलं असेल, कदाचित कुणाला सांगितलंही असेल. महाराष्ट्रात ते चूक आहे. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोडून काढायचं काम मालकाचं.

लिव्ह अँड लायसन्स करारावरच्या मुद्रांक शुल्काचं गणित एकदा हाताने करा. भाडं 20,000, मुदत 24 महिने: झाले 4,80,000. परत मिळणारं डिपॉझिट 1,00,000, त्यावर वर्षाला 10 टक्के व्याज धरायचं: दोन वर्षांचे 20,000. बेरीज 5,00,000, तिचे 0.25 टक्के म्हणजे 1,250 रुपये. आजवर हा आकडा करार नोंदवून देणारा सांगेल तो तुम्ही घेत होतात. आता तो तुम्ही सांगायचा.

आता या दोन प्रकरणांचा रेराशी सांधा. इतकी वर्षं भाड्याचं काम करताना तुम्हाला महारेराचा नंबर लागला नाही, कारण कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहाराशी बांधलेली आहे. पण म्हणून 'लीज आहे, म्हणजे रेरा नाही' असं सरसकट उत्तर देऊ नका. लवासाच्या प्रकरणात बिल्डरने हाच मुद्दा मांडला होता. करार 999 वर्षांच्या लीजचा होता, घेणाऱ्यांनी जवळजवळ पूर्ण किंमत मोजली होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं की ही प्रत्यक्षात विक्रीच आहे आणि रेरा लागू होतो.

बाकी रेराचं तुम्ही केलंच आहे. फक्त कार्पेट एरिया पुन्हा बघा: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरायची नाही. घाईत बरेच जण उलटं करतात. आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे साइटवर पहिल्याच दिवशी लागेल.

पास झाल्यावर सर्टिफिकेट म्हणजे नोंदणी नव्हे, हे लक्षात असू द्या. एजंट म्हणून नोंदणी वेगळी करायची, वैयक्तिक शुल्क 10,000 रुपये, मुदत पाच वर्षं. तो नंबर हातात येईपर्यंत साइटवर एकाही गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवू नका, सेल्स मॅनेजर 'चालतंय हो' म्हणाला तरी. दंड दिवसाला 10,000 आहे आणि तो तुमच्या नावावर लागतो. आणि दलाली किती, ती बुकिंगला मिळणार की करार नोंदवल्यावर, हे त्याच्याकडून आत्ताच लिहून घ्या.