मोबाइल गल्ल्यात ठेवा, भाऊ

परभणी जिल्ह्यातल्या मानवतहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी १९ वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आठव्या वर्षापासून गाणं शिकते, गाण्यातली मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय. वडील रोज तिचं एक रील काढून चॅनलवर टाकतात. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी दोनदा ऑडिशनला नेलं, दोन्ही वेळा पहिल्याच फेरीतून परत यावं लागलं. आता एक एकर विकून तिला वर्षभर मुंबईला ठेवायचं त्यांच्या मनात आहे. त्यांचे प्रश्न तीन: मुंबईला पाठवू का? पुढची विशारद परीक्षा झाली तर नोकरीची हमी किती? आणि तिचा ‘माइंडसेट’ जिंकणाऱ्या माणसासारखा कसा करायचा?

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘व्ह्यू’ हा शब्द १७ वेळा आलाय. तिच्या गुरुजींचा उल्लेख एकदाच, तोही ‘ते रील टाकू नका म्हणतात’ या तक्रारीपुरता. लेक सध्या कोणता राग शिकतेय, ते चार पानांत कुठंच सापडलं नाही.

तिसऱ्या पानावर खाली मात्र एक ओळ सापडली आणि मी तिथंच थांबले. तुम्ही लिहिलंय, ‘हल्ली आळस करायली. पहाटे रियाजाला बसते, पण मी मोबाइल घेऊन खोलीत गेलो की बरोबर पाणी प्यायला उठते.’

पहाटे साडेपाचला उठून तानपुरा लावणाऱ्या लेकराला आळशी म्हणायचं, तर मग आपल्याला काय म्हणायचं? तुम्ही नोंद चुकीच्या खात्यावर केलीय. तिचं गाणं तुम्हाला बघून थांबतंय. तुम्ही तिचे वडील आहात आणि तुमच्या पावलांची चाहूल लागली की तिचा आवाज बंद होतो. ऑडिशनचं मला फार वाटलं नाही. या ओळीचं वाटलं.

आपल्याच मराठवाड्यातली एक जुनी गोष्ट सांगते. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, शारंगदेवानं ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे २५ दोष मोजून दिलेत. दातावर दात धरून गाणारा, कावळ्यासारख्या आवाजाचा, तालातून सुटणारा, नाकात गाणारा. डोळे मिटून गाणारासुद्धा (आपले निम्मे रीलवाले इथंच सापडतील). या यादीत एक दोष आहे ‘भीत’. घाबरून गाणारा. सातशे-आठशे वर्षांपूर्वी त्या माणसानं भीतीला बेसूरपणाच्या आणि बेतालपणाच्या रांगेत बसवलं. म्हणजे ती गाण्यातली अडचण आहे आणि गाण्याच्या शिक्षणातच तिचा इलाज करायचा असतो. आपण मात्र सूर हलला तर गुरुजींना विचारतो आणि लेकरू घाबरलं तर ‘माइंडसेट कमजोर आहे’ म्हणून मोकळे होतो. तुम्ही तर तिला रोज सकाळी मोटिवेशनचे व्हिडिओ पाठवता, असं अभिमानानं लिहिलंय. ते आजपासून बंद करा. गुडघा सुजलेल्या माणसाला पळण्याचे व्हिडिओ दाखवून सूज उतरत नाही.

रियाज ही चुकण्याची जागा असते, भाऊ. एक पलटा, म्हणजे सुरांची एक ठरावीक फिरत, चाळीस वेळा घ्यायचा, त्यातले तीस फसणार, आठ-नऊ बरे येणार, एखादा असा येणार की गाणाऱ्यालाच आश्चर्य वाटावं. त्या एकासाठी ते तीस फसू द्यावे लागतात, आणि तेही कुणी बघत नसताना. खोलीत कॅमेरा आला की काय होतं? पोरगी जे येतंय तेवढंच गाते. न येणाऱ्या जागेला हात लावत नाही. तुम्ही वर्षभर रोज एक रील टाकली. माझा हिशेब असा, की वर्षभर रोज तिनं आधीपासून येणारंच गायलं. दुसऱ्या ऑडिशनला ती पहिल्याएवढीच राहिली, यात मला काही नवल वाटत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा मुलगा शाळेत असताना चित्रं काढायचा. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड यावी म्हणून मी दोन महिने रोज समोर बसून त्याच्याकडून स्थिरचित्रं काढून घेतली. तांब्या, वांगं, मागं घडी पाडलेलं फडकं. सावली चुकली की मी ‘अंहं’ करायची. ग्रेड आली. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात त्यानं रंगांचा डबा आतेभावाला देऊन टाकला. लोकांच्या मुलांना मार्गदर्शन करते मी! डबा गेला तेव्हा कुठं मला माझा ‘अंहं’ ऐकू आला.

आता तुमच्या पत्रात पानोपानी असलेला गैरसमज. तुमच्या मते गाणारा एक तर टीव्हीवर झळकतो, नाहीतर वाया जातो. मधे काही नाहीच. पुन्हा त्याच शारंगदेवाकडे चला. त्यानं गायकांचे पाच प्रकार सांगितलेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक, भावक. कुणी उत्तम शिकवणारा, कुणी दुसऱ्याची गायकी हुबेहूब उचलणारा, कुणी स्वतः रसात बुडणारा, कुणी श्रोत्यांना रिझवणारा, कुणी गाण्यात भाव ओतणारा. यादीत पहिलं नाव शिकवणाऱ्याचं आहे, लोकांना रिझवणारा चौथा येतो. तुम्ही मुलीला न विचारता थेट चौथ्या रांगेत उभं केलंत. ती यातली कोण आहे, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. कदाचित तिलाही अजून नसेल, आणि १९ व्या वर्षी नसलं तरी चालतं. आणखी एक. हा एवढा ग्रंथ लिहिणारा शारंगदेव यादवांच्या दरबारात हिशेबाच्या खात्याचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. दिवसा राज्याचे हिशेब बघणाऱ्या माणसाचं नाव आज गाण्यामुळं घेतलं जातं. पोटाची सोय दुसरीकडे केली की कला संपली, असं काही नसतं. (यावरून ‘मग तिला बँकेच्या परीक्षेला बसवतो’ असं पत्र कृपया पाठवू नका.)

तुम्ही कापसाच्या मुलखात राहता, म्हणून त्याच भाषेत सांगते. तुम्ही संगीताला सोयाबीन समजताय. एकदाच काढणी, एकदाच मळणी, पोती भरली की हिशेब पुरा. गाण्यातला पैसा कापसासारखा येतो. पहिल्या वेचणीत थोडा, दुसरीत बरा, एखादी पावसात भिजलेली, आणि शेवटी फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरचं उरलंसुरलं पीकसुद्धा. शिकवण्या ही एक वेचणी, आकाशवाणीचे कार्यक्रम दुसरी, मंदिरातलं आणि लग्नाआधीच्या संध्याकाळचं गाणं तिसरी.

अंबाजोगाई तालुक्यातला एक मुलगा चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आला होता. मृदंग वाजवायचा. सप्त्यांत, कीर्तनांत साथ करायचा आणि घरच्यांच्या नजरेत बेकार होता. त्याच तालुक्यात आपेगाव, म्हणजे पखवाजवाले शंकरबापू आपेगावकर यांचं गाव. त्यामुळं जो तो त्याला म्हणायचा, ‘बापूंना पद्मश्री मिळाली, तुझं काय?’ मी त्याला म्हटलं, बापूंनी पखवाजावर हात ठेवला तेव्हा पद्मश्री नावाचं काही नव्हतंच. ते १९५४ साली सुरू झालं. बापू कशासाठी वाजवत होते, याचा विचार कर. त्याला मी काम एकच दिलं. शंभर पानी वही घ्यायची. डाव्या पानावर पैसे: कुठल्या गावाला साथ केली, काय मिळालं, एसटीला किती गेले, मृदंगाची पुडी (तोंडावरचं कातडं) बदलायला किती. उजव्या पानावर आज काय नवीन वाजलं, काय फसलं. सहा महिन्यांनी तो वही घेऊन आला. धुम्याला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या तोंडाला, लावायच्या कणकेचे डाग पानापानावर. डाव्या बाजूला बेरीज झाली होती, आणि ती त्याच्या वडिलांनी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा बरीच मोठी निघाली. मला उजवी बाजू जास्त आवडली. एका पानावर फक्त एवढंच होतं: ‘धमार. आज हात सुटला.’ (धमार हा एक ताल.) आता तो शिकवतो, साथीला जातो, आणि बेकार कुणी म्हणत नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं आता पटापट देते.

मुंबईला पाठवू नका, निदान ऑडिशनच्या रांगांसाठी तर नाहीच. आणि एकर विकू नका. जमीन विकून गायला पाठवलेली मुलगी प्रत्येक सूर त्या एकराच्या भावानं मोजेल, आणि आधीच घाबरलेला गळा आणखी आवळेल. गाव सोडायचंच झालं तर गुरूसाठी किंवा शिक्षणासाठी सोडावं: संभाजीनगरला विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. चौकशी तिला करू द्या.

विशारद ही परीक्षा आहे, नेमणुकीचं पत्र नव्हे. ती द्यावी, पुढं अलंकार करावी, एम.ए. आणि सेट-नेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. आकाशवाणीची स्वरचाचणी निघाली की परभणी केंद्रात अर्ज करावा. तिथं बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात आणि वरची श्रेणी मिळवायला लोक वर्षानुवर्षं गातात.

पैशाचं एक कामाचं सांगते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दोन वर्षं, महिना ५,००० रुपये. गुरूकडे किंवा संस्थेत किमान ५ वर्षं शिकलेलं असावं लागतं. ती ११ वर्षं शिकतेय. यासाठी गुरुजींकडेच जावं लागेल, तेव्हा आधी त्यांच्याशी बोलणं सुरू करा. ते रील टाकू नका म्हणतात, म्हणजे तिची राखण करतायत. मला तर ते तुमच्या घराजवळचे सगळ्यात शहाणे गृहस्थ वाटतात.

जिंकणाऱ्याचा माइंडसेट वगैरे मला करून देता येत नाही. तिला तुमच्यासमोर चुकता आलं पाहिजे, एवढं तुम्ही करू शकता. पुढचे तीन महिने पहाटे साडेपाच ते सात मोबाइल दुकानाच्या गल्ल्यात कुलूप लावून ठेवा. चॅनलचा पासवर्ड तिला द्या. टाकायचं का, काय, कधी, ते तिचं ती ठरवेल, आणि काहीच टाकलं नाही तरी विचारायचं नाही. त्या खोलीच्या दारावरून जाताना पाऊल हळू करू नका आणि थांबूही नका. नेहमीसारखं दूध आणायला निघून जा.

पुढच्या पत्राची मी वाट बघेन, पण ते तुम्ही लिहू नका. तिला लिहू द्या, आणि टाकण्याआधी वाचायला मागू नका.