शाळेतल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी खरोखर झाली आहे का, हे पालकाने कसे तपासावे?

आपल्या मुलीच्या शाळेने सफाई आणि बसचे काम ठेकेदाराकडे दिले आहे, विचारणा केल्यावर ‘पडताळणी झाली आहे’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्यावर कितपत विसंबावे हा आपला प्रश्न आहे. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी बरीच वर्षे नेमणुकांचे काम पाहिले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की पडताळणी कोणाकोणाची झाली, कोणत्या पत्त्यावर झाली आणि कधी झाली, या तीन गोष्टी कळल्याशिवाय त्या उत्तराला फारसा अर्थ नाही.

नियमांत संदिग्धता नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखालील 2020 च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, कर्मचारी शिक्षक असो वा शिक्षकेतर, कायम असो वा कंत्राटी, त्याची पोलीस पडताळणी करून घ्यायची असते आणि तीही ठरावीक काळाने पुन्हा करायची असते. ऑगस्ट 2024 मधील बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने जो शासन निर्णय काढला, त्यात सुरक्षारक्षक, सफाईगार, मदतनीस आणि स्कूल बसचे चालक यांचा स्पष्ट उल्लेख असून, चारित्र्य पडताळणीचा अहवाल नेमणुकीपूर्वी मिळवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापनावर टाकलेली आहे. त्यामुळे ‘ते आमचे कर्मचारी नाहीत, ठेकेदाराचे आहेत’ हे उत्तर आपण मान्य करू नये. प्रत्यक्षात गळती होते ती बदली माणसांत: ठेकेदार करार करताना ज्यांची कागदपत्रे देतो, त्यांतला एखादा गावी गेला की त्याच्या जागी दुसराच कोणी येतो आणि त्याची नोंद प्रवेशद्वारावरच्या वहीपलीकडे कुठेही होत नाही.

आता प्रमाणपत्राविषयी. अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जातो, तेथून तो राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे येतो आणि उपलब्ध अभिलेखांत त्या व्यक्तीवर गुन्हा दाखल आहे का, हे पाहिले जाते. उमेदवाराने जे नाव आणि जे पत्ते दिले, त्यांच्या आधारेच हा शोध घेतला जातो. म्हणून परजिल्ह्यातून किंवा परराज्यातून आलेल्या माणसाच्या मूळ गावच्या ठाण्याकडेही विचारणा झाली का, हे शाळेला जरूर विचारावे. इंग्लंडमधील सोहॅम येथे 2002 साली दोन शाळकरी मुलींची हत्या करणारा माणूस शाळेचा केअरटेकर होता आणि नेमणुकीच्या वेळी त्याची पोलीस तपासणी झालेलीही होती. नंतरच्या चौकशीत आढळले की तो वापरत असलेल्या दोन नावांपैकी एकाच नावावर शोध घेतला गेला होता आणि त्याच्याविरुद्ध पूर्वी आलेल्या तक्रारींची माहिती दुसऱ्या पोलीस दलाने नीट जपून ठेवलेली नव्हती.

आपल्याकडे यापेक्षाही मोठी उणीव आहे आणि माझ्या मते तीच सर्वांत घातक आहे. एखाद्या शाळेत कोणाविरुद्ध कुजबुज सुरू झाली की ‘संस्थेचे नाव नको’ म्हणून त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला जातो. गुन्हा नोंदलाच जात नाही, त्यामुळे पुढच्या शाळेत तो माणूस कोरे प्रमाणपत्र घेऊन हजर होतो. वास्तविक पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबाबतची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. यावर कार्यालयाच्या हातातला एकच उपाय म्हणजे आधीच्या शाळेला किंवा मालकाला फोन करून काम का सोडले हे विचारणे आणि त्याची लेखी नोंद ठेवणे. हा फोन केला जातो का, हे अवश्य विचारा. मुख्याध्यापक क्षणभर थांबले, तर उत्तर आपल्याला मिळालेच.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची 2018 पासून अस्तित्वात आहे, परंतु ती केवळ तपास यंत्रणांना पाहता येते. पालकांना किंवा शाळेला ती थेट उघडता येत नाही. कोणा एकाचे प्रमाणपत्र दाखवा, अशी मागणीही करू नये, कारण ती त्याची वैयक्तिक माहिती आहे. शिवाय प्रत्येक नोंद सारखी नसते: जमिनीच्या वादातला जुना गुन्हा, ज्यातून माणूस निर्दोष सुटला आहे, त्यावरून शिपायाची नोकरी नाकारणे अन्यायाचे ठरेल. उमेदवाराने स्वतःवरील गुन्ह्याची माहिती दडवल्याच्या प्रकरणांतही प्रकरणाचे स्वरूप पाहून निर्णय घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले आहे. मुलांविरुद्धच्या गुन्ह्याची नोंद असेल, तर मात्र मी तडजोड करणार नाही.

आपण पालक-शिक्षक संघामार्फत लेखी पत्र द्यावे आणि त्यात मुलांशी संबंध येणाऱ्या सर्व व्यक्तींची संख्या, त्यांपैकी पडताळणी पूर्ण झालेल्यांची संख्या, अहवालांच्या तारखा आणि बदली माणसांबाबतची पद्धत एवढेच विचारावे. बसबाबत वेगळी वाट आहे: 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते, तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, तेव्हा चालक आणि मदतनीस यांचा विषय त्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. पत्राची पोच घ्या. वाजवी मुदतीत उत्तर आले नाही, तर तीच प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांकडे, अर्ज करावा.