बाइंडिंगच्या कारखान्यासाठी १३ लाखांचे यंत्र: मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी का?

प्रश्न (पत्र थोडक्यात): पुण्यात शुक्रवार पेठेत माझा बाइंडिंगचा कारखाना आहे. वय ५१. प्रकाशकांची पुठ्ठा बांधणी, डायऱ्या, विद्यापीठाचे प्रबंध आणि ग्रंथालयांची जुनी पुस्तके अशी कामे करतो. वर्षाला साधारण ४५ हजार कापडी कव्हरे लागतात, त्यातली १२ हजार प्रबंध आणि ग्रंथालयांची. दोन कारागीर मिळून दिवसाला २५० कव्हरे करतात, प्रत्येकाचा रोज ७५० रुपये. कापड आपोआप ओढून त्याला सरस लावणारे यंत्र पाहिले आहे. किंमत ११ लाख, वर जीएसटी. बँक ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी ८ लाख देते. उरलेल्या ५ लाखांसाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागेल, तिला पैसे दोन वर्षांनी लागतील. एका प्रकाशकाने वर्षाला ४० हजार जादा पुस्तके देण्याचे कबूल केले आहे. मी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्यांत, आहे. घ्यावे का?

उत्तर: तुम्ही आकडे स्वच्छ दिलेत, त्यामुळे उत्तरही सरळ देता येते. आज, या पद्धतीने घेऊ नका. यंत्राला माझा विरोध नाही. तुमचे दोन्ही कारागीर पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि नवी मुले या कामाला येत नाहीत, हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. माझ्या मते यंत्राच्या बाजूने सर्वात वजनदार मुद्दा तोच आहे. पण पैशाचे गणित अजून जुळत नाही.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. गठ्ठ्यातला एकेक कापडी तुकडा हवेच्या ओढीने उचलला जातो, गरम सरसाच्या रुळाखालून जातो आणि चिकट बाजू वर करून पट्ट्यावर येतो. तिथून पुढे दोन पुठ्ठे आणि मधली पट्टी मापात बसवणे, चारही कडा आत मुडपणे, दाबणे ही कामे तुम्ही पाहिलेल्या यंत्रात माणसालाच करायची आहेत. विक्रेता तासाला ५०० म्हणतो तो आकडा ओढण्याचा आणि सरस लावण्याचा आहे. कडा मुडपणारे हात त्या वेगाने चालणार नाहीत. मी तीन माणसे आणि दिवसाला १,२०० कव्हरे धरतो, आणि हाही हात सरावल्यानंतरचा आकडा आहे.

आज एका कव्हरची मजुरी ६ रुपये पडते. यंत्रावर तीन माणसांचे २,२५० रुपये भागिले १,२००, म्हणजे १ रुपया ८८ पैसे. कव्हरमागे सुमारे ४ रुपये १२ पैसे वाचतात, आणि ही बचत खरी आहे. पण ती ४५ हजारांवर मोजू नका. प्रबंध चार-सहा प्रतींचे, प्रत्येकाची जाडी वेगळी. ग्रंथालयाच्या पुस्तकांचे तर मापच एकसारखे नसते. त्यांच्यासाठी सरस तापवून, माप बदलून, संध्याकाळी रूळ धुऊन काढणे परवडणार नाही, ती कामे हातानेच होतील. यंत्राच्या वाट्याला ३३ हजार कव्हरे येतात, म्हणजे वर्षाची बचत १ लाख ३६ हजार.

आता खर्च. ११ लाखांवर १८ टक्के जीएसटी, एकूण १२ लाख ९८ हजार. ८ लाखांचा हप्ता महिना सुमारे १७,४०० रुपये, वर्षाला जवळपास २ लाख ९ हजार. ठेवीवर ७ टक्के व्याज धरले तर ते बुडालेले ३५ हजार. वीज, सरसाचा जास्तीचा वापर आणि दुरुस्ती मिळून मी ३० हजार धरले आहेत. एकूण २ लाख ७४ हजार. म्हणजे आजच्या कामावर तुम्ही दरमहा साडेअकरा हजार रुपये खिशातून घालाल, आणि यंत्र वर्षातून जेमतेम महिनाभर चालेल. शिवाय वाचलेल्या दिवसांचा रोज तुम्ही खरोखर देणार नसाल, किंवा त्या कारागिरांना दुसरे पैसे देणारे काम असेल, तरच ही बचत हातात पडते. इतकी वर्षे सोबत काम केलेल्या माणसांना तुम्ही घरी पाठवाल असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही, आणि ते मला बरोबर वाटते.

हप्ते सुरू असताना तोटा होऊ नये म्हणून यंत्रावर वर्षाला सुमारे ६६ हजार कव्हरे हवीत. ३३ आणि प्रकाशकाची ४० मिळून ७३ हजार होतात. म्हणजे सगळा व्यवहार एका माणसाच्या तोंडी शब्दावर उभा आहे. तो शब्द निम्मा जरी खरा ठरला तरी ५३ हजारांवर अडकाल. म्हणून पहिले काम: दर, वर्षाची किमान संख्या, कापड कोणी आणायचे आणि पैसे किती दिवसांत, हे सगळे लेखी घ्या. उद्यम नोंदणी केलेली नसेल तर आजच करा, ती फुकट होते. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाचा हक्क कायदा देतो. बिल थकवले तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी वजा मिळत नाही, ही तरतूद प्रकाशकाच्या हिशेबनिसाला चांगली ठाऊक असेल.

दुसरे, कंपोझिशन. त्या योजनेत यंत्रावर भरलेल्या १ लाख ९८ हजारांच्या जीएसटीची वजावट, म्हणजे तो तुमच्या भरायच्या करातून वळता करणे, मिळत नाही. नियमित करदाते झालात, तुमची बिले करपात्र असली आणि ती वजावट मिळून कर्ज तेवढे कमी घ्यावे लागले, तर हप्ता १३ हजारांवर येतो आणि ६६ हजारांचा आकडा ५४ हजारांपर्यंत उतरतो. इतका फरक पडत असताना सीएशी बोलल्याशिवाय विक्रेत्याला बयाणा देऊ नका. करमाफ मालाच्या वाट्याची वजावट परत करावी लागते, त्यामुळे तुमच्या बिलांत काय करपात्र आणि काय करमाफ, हे त्यांनी प्रत्यक्ष बिले पाहून सांगितले पाहिजे.

तिसरे म्हणजे, अडतेय कुठे? गेल्या डिसेंबरात डायऱ्यांच्या ऑर्डरी सोडाव्या लागल्या असे तुम्ही म्हणता. त्या कव्हरांमुळे सुटल्या की शिलाईमुळे? की पुस्तके दाबाखाली रात्रभर ठेवायला प्रेस पुरले नाहीत? फॉर्म (घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे) शिवायलाच वेळ लागत असेल तर तयार कव्हरांच्या थप्प्या भिंतीशी रचून ठेवाल आणि पुस्तक तेवढ्याच दिवसांनी बाहेर पडेल. या हंगामात एक वही घाला आणि कुठले काम कशाची वाट पाहत किती दिवस थांबले ते रोज लिहा. ही वही मला विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगाची वाटते.

तोवर जादा काम कसे पेलायचे? एका मापाची मोठी कामे, पाचशे प्रतींच्या वरची, कव्हर करून देणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे एक हंगाम द्या. कव्हरमागे रुपया-दोन जास्त गेले तरी चालेल, त्यात प्रकाशकाचा शब्द तपासून होतो. हाताने कापड घालायचे छोटे सरस-यंत्र हाही मधला मार्ग आहे. त्याची किंमत मोठ्या यंत्राच्या तुलनेत फारच कमी असते, आणि सरस सारखा लागल्याने कापडावर ओघळ येत नाहीत.

मुलीची ठेव मात्र कुठल्याच परिस्थितीत मोडू नका. पैसे दोनच वर्षांनी लागणार आहेत आणि तेव्हा तुमचे तीन वर्षांचे हप्ते बाकी असतील. प्रवेशाची तारीख कारखान्याच्या हंगामासाठी थांबत नाही. थोड्या दिवसांची अडचण असेल तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतात पण ठेव शाबूत राहते. मुख्यमंत्री रोजगार निर्मितीच्या अनुदानाची आशा कोणी दाखवली असेल तर ती योजना नव्या उद्योगांसाठी आहे. तुमच्यासाठी तारणाशिवाय मिळणारे मुद्रा कर्ज आहे.

लेखी ऑर्डर मिळाली आणि पहिल्या सहा महिन्यांत २० हजार पुस्तके प्रत्यक्ष गेली, तर यंत्र जरूर घ्या. त्या ऑर्डरीचा नफा बाजूला टाकत राहा आणि स्वतःचा वाटा त्यातून उभा करा. घसारा, म्हणजे यंत्राच्या किमतीचा काही भाग दरवर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करणे, मागणार असाल तर खरेदी सप्टेंबर संपायच्या आत बसवा. आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर १५ टक्क्यांऐवजी निम्माच मिळतो. कर्जाइतका टर्म विमा आणि कारखान्याचा आगीचा विमा दोन्ही असू द्या. कागद, कापड आणि दिवसभर तापणारे सरसाचे भांडे एका छपराखाली असते. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी तुमच्यासारख्या छोट्या उद्योगांसाठीच आहे.

आणि यंत्राचे प्रात्यक्षिक पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याचे कापड वापरू देऊ नका. स्वतःचे न्या, निदान तीन प्रकारचे, शंभर-शंभर तुकडे. विरळ विणीच्या कापडातून हवा आरपार जाते, मग ते नीट उचलले जात नाही आणि सरस कापडाच्या दर्शनी बाजूला फुटतो. कागदाचे अस्तर लावलेले किंवा चांगली खळ असलेले कापड चालते. तुमचे नेहमीचे कापड चालत नसेल तर महागडे घ्यावे लागेल, आणि कव्हरमागची ४ रुपये १२ पैशांची बचत तिथेच संपू शकते. तासाला किती झाली, किती वाया गेली ते लिहून घ्या आणि तो आकडा मला कळवा, १,२०० च्या जागी तो घालून हिशेब पुन्हा करू.