व्हीलचेअर घेताय? आधी दरवाजा मोजा

वजन शंभर किलोपलीकडे असलेल्या माणसासाठी व्हीलचेअर कशी निवडावी, याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

प्रश्न : बाबांचं वजन 118 किलो. दुकानदार म्हणतो, 120 किलोची खुर्ची पुरेल. घ्यावी का? (फोंडा)

नका घेऊ. त्या 120 मध्ये उशी, मागे लटकवलेली पिशवी, सगळंच धरायचं असतं. शिवाय पाय थकलेला माणूस खुर्चीत टेकत नाही, धपकन पडतो. तो धक्का त्याच्या वजनाहून कितीतरी जास्त असतो. 150 किलोच्या वरचीच बघा. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नका. खुर्ची आडवी करून सीटखालची कैची, म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दांड्यांची जोडी, तपासा. भारी वजनाच्या खुर्चीला ती दुहेरी हवी. सीटचं कापड झोळीसारखं लोंबणारं नको. मधे खड्डा पडला की मांड्या आत ढकलल्या जातात आणि माणूस एका कुशीवर कलतो. टेकून उठताना सगळा भार खुर्चीच्या हातांवर येतो, म्हणून ते हात हलवून बघायला विसरू नका. साधी खुर्ची सोळा-अठरा किलोंची, ही पंचवीसच्या आसपास भरेल. गाडीच्या डिकीत ती उचलून कोण ठेवणार, हे आजच ठरवा.

प्रश्न : आईसाठी 22 इंची सीट घ्यायची की 24? दुकानात 'मोठी असलेली बरी' असं सांगतात. (म्हापसा)

दुकानात मोठीच बरी वाटते, घरी आणल्यावर कळतं. आईंना सपाट, टणक खुर्चीवर बसवा. दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. कमरेभोवती टेप गुंडाळून हे माप मिळत नाही. काहींची रुंदी कमरेपेक्षा मांड्यांशी जास्त असते. मग तिथलं माप धरायचं. त्यात दोन्हीकडे मिळून इंचभर मिळवा, बस्स. सीट त्याहून रुंद झाली की चाकं लांब जातात आणि खांदे दुखतात. सीट पुढून मागे किती खोल हवी, ते माप पार्श्वभागापासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत घ्या आणि त्यातून दोन इंच वजा करा.

आता मुख्य गोष्ट. स्वतः चालवायच्या खुर्चीची बाहेरून रुंदी सीटपेक्षा साधारण आठ इंच जास्त असते. म्हणजे 22 ची सीट 30 इंचांवर गेली. फ्लॅटच्या न्हाणीघराचं दार अडीच फुटी म्हटलं, तरी चौकट जाऊन मोकळी जागा 30 इंचांहून कमीच उरते. जुन्या घरांची पुढची दारं ऐसपैस, पण मागची न्हाणी तशीच अरुंद. अशा वेळी दाराची फळी काढून पडदा लावा, किंवा न्हाणीसाठी लहान चाकांची वेगळी कमोड-खुर्ची घ्या. तिची वजनक्षमताही तपासूनच. एकाच खुर्चीने सगळं भागवायच्या हट्टापायी पैसे दोनदा जातात.

प्रश्न : मी 142 किलोंचा, वय 38. खुर्ची स्वतः ढकलताना चाक हाताशी नीट येत नाही. घरचे म्हणतात, आधी वजन कमी कर. (डिचोली)

वजनाचं तुमचं आणि डॉक्टरांचं काय ते चालू द्या. खुर्ची मात्र आज लागते. पाठीमागचा मांसल भाग पाठटेक्याला लागतो, त्यामुळे तुम्ही पुढे सरकून बसता आणि चाक मागे राहतं. पाठटेक्याचं कापड पट्ट्यांनी सैल करता येत असेल तर खालचा भाग थोडा सैल करा, म्हणजे कंबर मागे जाईल. मागच्या चाकांचा आस पुढे घेता येणारी खुर्ची असेल तर तोही थोडा पुढे घ्या. मात्र आस पुढे आला की खुर्ची मागे उलटायची भीती वाढते. खुर्ची मागे उलटू न देणारी छोटी चाकं मागे बसवल्याशिवाय हे करू नका. जाड फोमची उशी आणि दर अर्ध्या तासाने पुढे वाकून भार हलका करणं, हे दोन्ही हवंच. घड्या पडतात तिथली त्वचा रोज बघा. आपल्याकडच्या दमट हवेत तिथे लवकर चिघळतं.

प्रश्न : बाल्कांवाला (घरापुढच्या बसायच्या ओट्याला) तीन पायऱ्या आहेत. फळी टाकून चालेल? (साखळी)

एका इंचाच्या चढाला बारा इंच लांबीचा उतार, हा नियम. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे 18 फूट रॅम्प. अंगणात सरळ मावत नसेल तर मधे सपाट जागा ठेवून वळवून घ्या. भाडोत्री लोखंडी रॅम्प आणलात तर त्यावर माणूस, खुर्ची आणि ढकलणारा असा तिघांचा भार मोजा. 250 किलो सहज होतात. उतरताना खुर्ची पाठमोरी, ढकलणारा खालच्या बाजूला, आणि इतक्या वजनाला दोघं हवेत. चिऱ्यांचा रॅम्प पावसाळ्यात शेवाळतो, म्हणून वर खरबरीत काँक्रीटचा थर द्या.

प्रश्न : समुद्राजवळ राहतो. खुर्ची गंजते. (काणकोण)

आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा, सांध्यांना तेल द्या. तारांच्या चाकांऐवजी प्लास्टिकची घडीव चाकं घ्या. मात्र तीही तुमच्या वजनाला चालतात का, हे लेबलवर पाहून.