‘आय ॲम सीइंग समवन’ म्हणून बसले, आता काय करू?

प्रिय ताई,

माझं वय 31. शिक्षण मराठीतून झालं. इंग्रजी वाचते, ऑफिसच्या ईमेलही नीट लिहिते, पण बोलायची वेळ आली की अडखळते. म्हणून चार महिन्यांपूर्वी इंग्रजी संभाषणाच्या एका ऑनलाइन गटात गेले. आम्ही सहा जण दर बुधवारी व्हिडिओ कॉलवर भेटतो. विषय कुठलाही निघो, गप्पा डेटिंगवर येतात. मला त्यातला काहीच अनुभव नाही, त्यामुळे मी ऐकत बसते.

महिन्यापूर्वी माझं नेट गेलं. परत आले तेव्हा स्क्रीनवर अंधार होता, एकच चेहरा पुसट दिसत होता. कुणीतरी मला काहीतरी विचारलं. मला वाटलं, आम्ही दिसतोय का असं विचारतायत. मी म्हटलं, ‘येस, आय ॲम सीइंग समवन.’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, मी परत आले म्हणून. रात्री शब्दकोशात पाहिलं, तर त्याचा अर्थ ‘माझं कुणाशी तरी जुळलंय’ असा निघाला आणि हातपाय गार पडले. पुढच्या बुधवारी खुलासा करायचा धीर झाला नाही. ‘किती दिवस झाले?’ असं विचारलं तर मी ‘फ्रॉम लास्ट मंथ’ म्हणाले. आता त्या नसलेल्या माणसाला नाव आहे, नोकरीही आहे. गटातला एक जण मला आवडतो. तो कॉलनंतर माझ्या चुका मेसेजवर समजावून सांगायचा. ते मेसेज बंद झालेत.

गट सोडावासा वाटतो. आणि या असल्या गप्पांतून इंग्रजी खरंच येतं का हो?

– अबोल

प्रिय अबोल,

गट सोडू नकोस. येत्या बुधवारी, इतर गप्पा सुरू व्हायच्या आत, खरं सांगून टाक. आणखी थांबलीस तर त्या नसलेल्या माणसाचा संसार वाढत जाईल आणि प्रत्येक बुधवारी तुला तो सांभाळावा लागेल.

आधी त्या वाक्याकडे बघू, कारण तुझी चूक अडाणीपणाची नव्हती. मराठीत दिसणं, आवडणं, आठवणं, वाटणं या गोष्टी आपल्याकडे चालत येतात. ‘मला दिसतंय’, ‘मला आठवतंय’. इंग्रजीत मात्र ‘आय’ कर्ता होऊन पुढे उभा राहतो. शिवाय आपण ‘दिसतंय’, ‘वाटतंय’ हे चालू काळात सहज म्हणतो. इंग्रजीत डोळ्यांना दिसणं ही स्थिती आहे, चाललेलं काम नव्हे. त्यामुळे तिथे ‘आय कॅन सी समवन’ असं म्हणतात. तेच क्रियापद ‘इंग’ लावून चालू काळात टाकलं की ते हेतूने केलेलं काम होतं. ‘आय ॲम सीइंग अ डॉक्टर टुमॉरो’ म्हणजे उद्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. ‘आय ॲम सीइंग समवन’ म्हणजे कुणाला तरी प्रेमाच्या नात्याने भेटते आहे. तू मराठीतला अचूक काळ तिथे नेलास, एवढंच झालं. ‘थिंक’चंही असंच आहे. ‘आय थिंक ही इज नाइस’ हे मत झालं, ‘आय ॲम थिंकिंग ऑफ आस्किंग हिम’ हा मनात शिजत असलेला बेत. ‘नो’, ‘लाइक’, ‘बिलॉन्ग’ ही क्रियापदं तर ‘इंग’ जवळजवळ घेतच नाहीत. मीसुद्धा कित्येक वर्षं ‘आय ॲम नोइंग हर’ म्हणायचे आणि कुणी दुरुस्त करत नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं. तुला दुरुस्त करणारी माणसं मिळाली आहेत, म्हणून ती सोडू नकोस म्हणते.

आता तुझा दुसरा प्रश्न. हो, येतं, आणि फार चांगलं येतं. पुस्तकात काळाचा तक्ता पाठ करताना एक काळ चुकला तर एक गुण जातो. नात्याबद्दल बोलताना काळ चुकला तर नातंच बदलतं. ‘वी वेंट आउट फॉर टू इयर्स’ म्हणणाऱ्या मुलीचं नातं संपलं आहे. ‘वी हॅव बीन गोइंग आउट फॉर टू इयर्स’ म्हणणारीचं अजून सुरू आहे. दोघींची दोन वर्षंच, पण पहिलीला ‘अभिनंदन’ म्हटलंस तर तिच्या डोळ्यांत पाणी येईल. मराठीत आपण हा फरक ‘भेटत होतो’ आणि ‘भेटतोय’ यांत सांगतो. ‘दोन वर्षांपासून ओळखते’ हा आपला वर्तमानकाळ इंग्रजीत मात्र ‘आय हॅव नोन हिम फॉर टू इयर्स’ असा होतो. कालावधी सांगायचा तर ‘फॉर’, सुरुवातीची वेळ सांगायची तर ‘सिन्स’. तुझ्या ‘फ्रॉम लास्ट मंथ’च्या जागी ‘सिन्स लास्ट मंथ’ हवं होतं. माणूस खरा असता तरीही.

वाक्प्रचारांचं ओझं घेऊ नकोस. या गप्पांत छोट्या क्रियापदांना चिकटणारे ‘आउट’, ‘अप’, ‘ऑन’, ‘डाउन’ हेच जास्त येतात आणि घोटाळाही तेच करतात. ‘ही स्टूड मी अप’ म्हणजे त्याने वेळ दिली आणि तो आलाच नाही. ‘ही स्टूड अप फॉर मी’ म्हणजे तो माझ्या बाजूने उभा राहिला. एका ‘फॉर’ने दगाबाज माणूस पाठीराखा होतो! ‘आस्क आउट’ (डेटवर येतोस का असं विचारणं), ‘टर्न डाउन’, ‘लीड ऑन’ यांत ‘हिम’, ‘हर’, ‘मी’ मध्येच बसतात: ‘शी टर्न्ड हिम डाउन’, तिने त्याला नकार दिला. ‘ही लेड मी ऑन’, त्याने मला उगाच आशेवर ठेवलं. ‘फॉल फॉर’ मात्र फुटत नाही, ‘आय फेल फॉर हिम’ असंच, म्हणजे मी त्याच्या प्रेमात पडले. हे नियम म्हणून घोकू नकोस. वहीत अख्खं वाक्य उतरव, ते कुणी, कशाबद्दल, हसत की रडवेल्या आवाजात म्हटलं तेही लिही. मला तरी शब्द असेच लक्षात राहिले.

दोन ठिकाणी जपून राहा. आपण मराठीत ‘प्रपोज केलं’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा प्रेम व्यक्त केलं एवढंच म्हणायचं असतं. इंग्रजीत ‘ही प्रपोज्ड टू मी’ म्हणजे लग्नाची मागणी, आणि त्यातला ‘टू’ गाळायचा नाही. आणि ‘हुक अप’ हे नुसतं भेटण्यासाठी वापरू नकोस, त्यातून बहुतेकांना शरीरसंबंध ऐकू येतो. नवी बोली जितकी ताजी, तितकी उशिरा शीक. न सांगता संपर्क तोडण्यासाठीचं ‘घोस्टिंग’ टिकलं, ते 2017 मध्ये मेरियम-वेबस्टरच्या शब्दकोशात आलं. ‘करिझ्मा’मधून निघालेला ‘रिझ’, म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची हातोटी, 2023 मध्ये ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द ठरला. असे शब्द समजले म्हणजे पुरे, तोंडी आले नाहीत तरी काही अडत नाही.

तुझ्या पत्रात मला त्या चुकीच्या वाक्यापेक्षा टाळ्यांचा क्षण जास्त टोचला. तुला प्रश्न कळला नव्हता आणि तू विचारलं नाहीस. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट’ हे वाक्य आधी जिभेवर बसव. त्याच्या शेजारी ‘आय’ड रादर नॉट टॉक अबाउट दॅट’ ठेव. डेटिंगचा अनुभव नसणं हा काही गुन्हा नाही, आणि भाषा शिकायची म्हणून कुणाला आपलं खासगी आयुष्य उघडून दाखवायचं बंधन तर मुळीच नाही. नुसतं ऐकत राहिलीस तरी चालेल, फक्त मध्येमध्ये प्रश्न विचार: ‘हाउ डिड यू मीट?’ ‘व्हॉट हॅपन्ड नेक्स्ट?’

बुधवारी एवढंच बोल: ‘आय मेड अ मिस्टेक लास्ट मंथ. आय मेंट आय कुड सी समवन ऑन द स्क्रीन. देन आय वॉज टू एम्बॅरस्ड टू करेक्ट इट, सो आय मेड थिंग्ज अप. आय’म सॉरी. आय’म नॉट सीइंग एनिवन.’ नकारात ‘समवन’चं ‘एनिवन’ होतं, तेवढं सांभाळ. ‘मेड अ मिस्टेक’ म्हणजे चूक केली, ‘मेड थिंग्ज अप’ म्हणजे मनाने रचलं. दोन्ही कबूल कर. पहिलीबद्दल कुणी रागावणार नाही. दुसरीने एखाद्याला वाईट वाटलं तर ते ऐकून घे, सारवासारव करू नकोस.

राहिला तो. तुझ्या आयुष्यात कुणी आहे असं समजून तो मागे सरला असेल, किंवा कामात अडकला असेल. हे तुला इथे बसून कळणार नाही, मलाही नाही. कबुली दिल्यावर आठवडाभर थांब. मेसेज आला नाही आणि तुला विचारावंसं वाटलं, तर ‘आय वॉज वंडरिंग इफ यू’ड लाइक टू टॉक सम टाइम, जस्ट द टू ऑफ अस’ असं विचार. इथला भूतकाळ सौम्यपणासाठी आहे. आपण ‘मी म्हणत होते, भेटायचं का?’ असं म्हणतो ना, अगदी तसाच. उत्तर नीट ऐक. ‘आय’ड लव्ह टू, बट...’ म्हणून त्याने दुसरी वेळ सुचवली, तर दार उघडं आहे. वेळ न सुचवता ‘मेबी सम अदर टाइम’ म्हणाला, तर बहुधा तो हळुवार नकार असतो. तिथे पुन्हा विचारू नकोस, गटात मात्र येत राहा.

बुधवारनंतर काय झालं ते कळव. मी वाट बघते आहे.

– ताई